एसी थंड आहे पण हवेला जोर नाही: जुन्या गाडीत आधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००९ ची वॅगनआर, पेट्रोल. एसी लावला की जाळीजवळ हात धरल्यावर हवा थंड लागते, पण नॉब चारवर ठेवला तरी जोर नाही, मागे बसलेल्या आईवडिलांपर्यंत काही पोचतच नाही. गॅरेजमध्ये सलग दोन उन्हाळे गॅस भरून दिला, दोन्ही वेळा थोडे दिवस बरं वाटलं, आणि आता कॉम्प्रेसर बदलायला सांगतायत. गाडीला एसी फिल्टर नाहीच असंही कळलंय. आता काय करायचं?

भाऊ, कॉम्प्रेसरला सध्या कुणाला हात लावू देऊ नका. मी बरीच वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतोय आणि उन्हाळा लागला की अशी एक तरी गाडी येतेच, गॅसवर आधीच पैसे घालून झालेले असतात आणि मूळ दुखणं तसंच. तुम्ही स्वतःच लिहिलंय की हवा थंड येते, म्हणजे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, गॅस ही मंडळी आपापलं काम करतायत. हवा ढकलायचं काम ब्लोअरचं, आणि ब्लोअरपासून तुमच्या तोंडासमोरच्या जाळीपर्यंत जो रस्ता आहे त्याचं. गॅस भरल्याने हवा जास्त गार होते, गार हवा कमी आली तरी अंगाला बरी वाटते, म्हणून थोडे दिवस फरक पडल्यासारखं वाटतं. पण हवेचा जोर गॅसने एक टक्काही वाढत नाही. (एका ठिकाणी गॅसचा संबंध येतो, हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो तेव्हा, त्यावर खाली लिहितो.)

घरीच करायची पहिली गोष्ट. इंजिन चालू करा, एसीचं बटण बंद ठेवा, ब्लोअर चारवर, हवा समोरच्या जाळ्यांतून येईल असा मोड लावा आणि हात धरून बघा. एसी बंद असताना सुद्धा जोर नसेल तर विषय संपला, गॅसचा आणि कॉम्प्रेसरचा याच्याशी संबंध नाही. एसी बंद असताना जोरात येते आणि लावल्यावर अर्ध्या पाऊण तासाने कमी होत जाते असं असेल तर ती वेगळी केस.

दुसरी गोष्ट, कान लावा. चारवर ब्लोअरचा आवाज नेहमीसारखा मोठा आहे, उलट थोडा जास्तच चढलेला, पण हवा कमी, तर पुढे कुठेतरी अडलंय. व्हॅक्यूम क्लीनरच्या पाईपवर हात ठेवला की मोटरचा आवाज चढतो ना, तसंच इथे होतं, हवा जाऊ शकत नाही म्हणून पंख्यावर लोड कमी पडतो आणि तो जास्त वेगात फिरतो. आणि आवाजच मेलेला असेल, चारवर दोनसारखा आवाज येत असेल, तर मोटरला करंट पुरेसा पोचत नाहीये किंवा मोटरच थकलीय. आवाज ऐकायला फुकट आहे, पण यावरून अर्धं निदान होतं, म्हणून मी गाडी आली की आधी दार लावून आत शांत बसून ऐकतो.

तिसरी, लिव्हर आतली हवा आणि बाहेरची हवा असा दोन्हीकडे फिरवून बघा. आतल्या हवेवर जोर वाढतो आणि बाहेरच्या हवेवर खूपच पडतो, असं असेल तर काचेखाली वायपरजवळच्या जाळीतून जो रस्ता येतो तो तुंबलाय. गाडी गुलमोहराखाली किंवा चिंचेखाली लावत असाल तर हे हमखास, त्याची पानं इतकी बारीक असतात की जाळीतून सरळ खाली उतरतात आणि पावसाळ्यात कुजून गाळ होतो. दोन्हीकडे सारखाच कमी जोर असेल तर अडचण ब्लोअरमध्ये किंवा त्याच्या पुढे.

आता तुमच्या गाडीचं मला जे सगळ्यात जास्त वाटतंय ते सांगतो, कुलिंग कॉइल तुंबलीय. इतक्या वर्षांची गाडी, फिल्टर नाही, म्हणजे जितकी धूळ केबिनमध्ये आली ती सगळी आधी या कॉइलवरून गेली. कॉइलच्या पट्ट्या अगदी जवळ जवळ असतात, मधे जेमतेम मिलिमीटर दोन मिलिमीटर जागा, आणि एसी चालू असताना त्या सतत ओल्या असतात, हवेतलं पाणी तिथेच तर गळतं. ओल्या पट्टीवर धूळ बसली की चिकटते, वर केस, सीटकव्हरचे धागे, पानांचा भुगा. अशी कॉइल बाहेर काढली की हवा जिकडून शिरते त्या बाजूला करड्या काळ्या रंगाचा जाड थर दिसतो, नखाने एका कडेला उचलला तर अख्खा पट्टा सोलून निघतो, आणि खालची पट्टी अजून चकचकीत असते. मागची बाजू बघितली तर जवळजवळ स्वच्छ. त्यामुळे जाळीतून किंवा चुकीच्या बाजूने बघून कॉइल ठीक आहे म्हणून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ब्लोअरकडची बाजू दाखवा म्हणावं.

ती बाजू कशी बघायची? ग्लव बॉक्स काढा, डावीकडे खाली ब्लोअरची मोटर दिसेल, गोल बूड असलेली, तीन चार स्क्रूवर असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कनेक्टर सोडवा आणि मोटर पंख्यासकट खाली ओढा. त्या भोकातून, किंवा बाजूला रेझिस्टर (ब्लोअरचा स्पीड कमी करणारा भाग) बसतो त्या खाचेतून, मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ घ्या. मोबाईलला जोडायचे बारीक केबलवाले कॅमेरे मिळतात ते असेल तर अजून चांगलं. जुन्या वॅगनआर, अल्टो या गाड्यांची ही मोठी सोय आहे, कुलिंग युनिट ब्लोअर आणि हीटरच्या मधे वेगळा डबा म्हणून बसवलेलं असतं, त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत सगळं एकाच खोक्यात आलं आणि तिथे खरंच डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दिवसभराचं काम, शिवाय एअरबॅग असेल तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय कनेक्टरला हात लावायचा नाही.

मोटर हातात आलीच आहे तर पंखा बघून घ्या. उभ्या बारीक पात्यांचा तो ड्रम असतो, पाती आतून किंचित वाकलेली, आणि त्याच वाकात धूळ घट्ट बसते. पात्याचा वाक भरला की पंखा फिरतो तितकाच पण हवा उचलत नाही. जुना टूथब्रश घेऊन एकेक पातं साफ करा, साबणाच्या पाण्याने धुवायचं असेल तर पंखा मोटरवरून काढूनच, मोटर भिजवायची नाही. आणि पात्यावर एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर कचरा समजून उपटू नका, ती बॅलन्ससाठी लावलेली असते, ती गेली की तीन चारवर डॅशबोर्ड थरथरायला लागतो.

इथेच उंदराचं सांगून टाकतो, कारण सोसायटीच्या पार्किंगमधल्या, विशेषतः फारशी न फिरणाऱ्या गाड्यांत ब्लोअरच्या डब्यात घरटं सापडणं अगदी नेहमीचं आहे, कापूस, कागद, सीटचा फोम, आणि लेंड्या. असं काही दिसलं तर ब्लोअर अजिबात चालवू नका, ती घाण सगळी तुमच्या तोंडावर येणार. मास्क, हातमोजे घाला, आधी जंतुनाशक मारून ओलं करा आणि मगच काढा. लेप्टो उंदराच्या मुतातून पसरतो, हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

कॉइल तुंबलेली निघाली तर दोन मार्ग. थर पातळ असेल तर जागेवर साफ करता येते. पण त्यातही क्रम महत्त्वाचा, आधी कोरडंच, व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने पट्टीच्या दिशेने, जेवढं निघेल तेवढं काढून घ्या, आणि मग कॉइलसाठी मिळणारा फोम मारा. आधीच पाणी मारलं तर वरची धूळ चिखल होऊन पट्ट्यांच्या आत जाते आणि मग ती कुणाच्या बापाला निघत नाही. फोम मारायच्या आधी खालचा ड्रेन पाईप मोकळा आहे ना ते बघा, एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडत असतील तर मोकळा आहे, आणि डाव्या बाजूच्या पायाखालचं मॅट ओलं होत असेल तर तुंबलाय. अॅल्युमिनियम आहे हे लक्षात ठेवा, कॉस्टिकवाले, अॅसिडवाले जहाल केमिकल आणि प्रेशरचं पाणी नको, कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं आणि प्रेशरने पट्ट्या झोपतात, मग स्वच्छ कॉइलमधूनही हवा जात नाही.

थर जाड असेल तर कॉइल काढूनच धुवावी असं माझं ठाम मत आहे. हो, गॅस काढावा लागतो, म्हणून खर्च वाढतो. पण एकदाच आणि नीट. गॅस हवेत सोडून देणाऱ्याकडे जाऊ नका, गाडीच्या एसीतला हा आर १३४ ए गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीहून जास्त आहे, मशीनने परत ओढून घेणारा माणूस शोधा. कॉइल बाहेर आली की तिच्यावर तेलकट डाग आहेत का बघायला सांगा, जिथून गॅस गळतो तिथे कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा ओशट डाग पडतो. तुम्हाला दोन उन्हाळे गॅस भरावा लागला असेल आणि तो खरंच कमी झालेला असेल तर लीक इथेच असायची शक्यता खूप आहे. डाग असतील, किंवा नायट्रोजन भरून पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे आले, तर धुण्यात पैसे घालू नका, नवीन कॉइल टाका. परत बसवताना ओ रिंग (जोडांतल्या रबरी रिंगा) सगळ्या नवीन, गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर नवीन, पाईपमधली हवा ओढून काढायला अर्धा पाऊण तास व्हॅक्यूम पंप, आणि गॅस वजनावर, बॉनेटखाली स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकेच. जास्त भरला तर जास्त थंड होतं हा गैरसमज आहे, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो, ॲव्हरेज पडतं.

एक बारीक गोष्ट मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून बघा. कॉइलच्या पट्ट्यांत एक छोटा सेन्सर खोचलेला असतो, कॉइल फार गार झाली की तो कॉम्प्रेसर बंद करतो. कॉइल काढायच्या आधी तो कुठे आणि किती आत होता त्याचा फोटो काढून ठेवा. परत बसवताना तो नुसता बाजूला लोंबकळत राहिला किंवा भलत्या कोपऱ्यात खोचला तर त्याला खरं तापमान कळतच नाही, कॉम्प्रेसर चालूच राहतो आणि कॉइलवर बर्फ चढतो.

आता तो बर्फ. ज्यांची हवा गावात ठीक असते आणि हायवेला तासाभराने गायब होते त्यांनी हे नीट वाचा. मुंबईहून निघाले, लोणावळ्यापर्यंत मस्त, पुढे जाळीतून नुसता वास आल्यासारखी हवा, आणि चहाला थांबून परत गाडीत बसले की पुन्हा जोरात, ही गोष्ट बर्फाची. हायवेला कॉम्प्रेसर जास्त वेगात फिरतो, कॉइल शून्याखाली जाते, हवेतलं पाणी पट्ट्यांमधे गोठतं आणि हवेचा रस्ताच बंद होतो. चहाला थांबल्यावर वितळतं. पावसाळ्यात हवेत ओल जास्त म्हणून हे जास्त होतं. गाडीत बसल्या बसल्या टेस्ट अशी, हवा कमी झाली की एसीचं बटण बंद करा आणि ब्लोअर चारवरच ठेवा. दहा पंधरा मिनिटांत जोर हळूहळू परत आला आणि गाडीखाली भरपूर पाणी पडलं तर बर्फच होता. कारण तीन, सेन्सर बिघडलाय किंवा जागेवर नाही, गॅस कमी आहे, नाहीतर कॉइल तुंबलीय. गॅस कमी असला की लो साइडचं, म्हणजे कॉइलच्या बाजूचं, प्रेशर पडतं, आणि आर १३४ ए चं प्रेशर साधारण २८ पीएसआयच्या खाली गेलं की तो गॅस शून्य अंशाखाली उकळायला लागतो, म्हणजे कॉइलच्या त्या भागावर बर्फ. गॅस कमी आणि हवा कमी यांचा संबंध आहे तो एवढाच, आणि तिथेही नुसता गॅस भरणं हे उत्तर नाही, गळती शोधायला हवी. तुंबलेल्या कॉइलचं तर चक्रच आहे, हवा कमी म्हणून कॉइल जास्त गार, जास्त गार म्हणून बर्फ, बर्फ म्हणून हवा अजून कमी.

आवाजच कमी असेल तर मग इलेक्ट्रिकलकडे वळायचं. एक, दोन, तीन चालत नाहीत आणि चारच चालतो, ही तक्रार असेल तर रेझिस्टर गेलाय, काही शे रुपयांचं काम. पण तुमचे चारही स्पीड चालत असतील आणि चारवरही जोर कमी असेल, तर रेझिस्टरला दोष देऊ नका, चारवर करंट रेझिस्टरमधून जातच नाही. तिथे बघायचं मोटरला व्होल्टेज किती मिळतं. मल्टिमीटरच्या पिना मोटरच्या कनेक्टरमधे मागून खोचा, कनेक्टर लावलेलाच ठेवून, इंजिन चालू, ब्लोअर चारवर. कनेक्टर काढून मोजलं की सडकी वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते कारण लोडच नसतो, आणि मेकॅनिक म्हणतो सप्लाय बरोबर आहे, मोटर बदला. बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतील तर मोटरवर १३ च्या आसपास मिळायला हवेत. ११ मिळाले तर मधे कुठेतरी तीन व्होल्ट खाल्ले जातायत. प्लसच्या बाजूला किंवा मायनसच्या, हे वेगवेगळं मोजा. बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत स्पीडचा स्विच मायनसच्या बाजूला असतो, त्यामुळे तिकडे ड्रॉप दिसला की स्विचचा कनेक्टर, रेझिस्टरचा कनेक्टर आणि बॉडीचा अर्थिंग पॉइंट बघा. पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं, वितळल्यासारखं दिसलं की चोर सापडला. तो कनेक्टर बदलायचा, पिना घासून परत लावायच्या नाहीत, आणि डायरेक्ट वायर ओढून मोटर चालवणं किंवा मोठा फ्यूज टाकणं तर मुळीच नको, गाड्या अशानेच पेटतात.

व्होल्टेज बरोबर आणि तरी पंखा हळू, तर मोटरचे कार्बन झिजलेत किंवा बुश जाम झालाय. पंखा हाताने फिरवा, सोडल्यावर सहज फिरत राहिला पाहिजे. नवीन मोटर घेताना कंपनीची किंवा नावाजलेल्या मेकची घ्या, फार स्वस्त मिळतात त्या मुळातच कमी वेगाच्या निघू शकतात. आणि कुणी आधी मोटर बदलली असेल तर वायर उलट्या जोडल्या नाहीत ना हे जरूर बघा. हा ड्रमचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, फक्त खूप कमी, त्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही, मोटर नवी म्हणून तिच्यावर संशय पण जात नाही. ड्रमच्या डब्याचा आकार गोगलगायीसारखा मोठा होत जातो, त्या मोठ्या होणाऱ्या दिशेनेच पंखा फिरला पाहिजे.

राहिलं फ्लॅपचं, म्हणजे हवा तोंडाकडे, पायाकडे की काचेकडे ते वळवणाऱ्या आतल्या झडपांचं. समोरच्या मोडवर ठेवून पायाजवळ आणि काचेखाली हात धरा, तिथे बऱ्यापैकी हवा लागत असेल तर मोडचा फ्लॅप पूर्ण फिरत नाहीये, केबल सरकली असेल. फ्लॅपवरचा फोम सडला की जाळीतून काळे बारीक कण उडतात, तेही लक्षण. ग्लव बॉक्स काढून डॅशबोर्डच्या आत हात घाला, आतच थंड वारं लागत असेल तर डक्टचा (जाळीपर्यंत हवा नेणाऱ्या नळीचा) जोड सुटलाय, तो परत बसवून फोमची पट्टी लावली की झालं, फुकटचं काम.

ब्लोअरच्या तोंडाला स्पंज किंवा फडकं लावून घरगुती फिल्टर करायचा सल्ला देणारे भेटतील, तो करू नका, जी हवा आहे तीही जाईल. युनिटला फिल्टरची खाच असेल आणि नुसतं झाकण लावलेलं असेल तर त्या मापाचा फिल्टर जरूर टाका, आणि दर उन्हाळ्याआधी बदला. खाच नसेल तर बाहेरच्या हवेच्या तोंडावर मच्छरदाणीसारखी स्टीलची जाळी पुरे. आईवडिलांसाठी एक, मधल्या दोन जाळ्या तोंडावर न धरता वर, दोन सीटच्या मधून छताकडे वळवा आणि तुमच्या बाजूची कडेची जाळी अर्धी बंद करा, थंड हवा जड असते, वरून मागे जाऊन खाली उतरते.

आता तुम्ही एवढंच करा, एसी बंद ठेवून चारवर आवाज आणि हवा कशी आहे ते लिहा, लिव्हर दोन्हीकडे फिरवल्यावर काय फरक पडतो ते लिहा, आणि जमलं तर बॅटरीवरचं आणि मोटरवरचं असे व्होल्टेजचे दोन आकडे. त्यावरून मी सांगतो कॉइल उतरवायची की नुसता कनेक्टर बदलायचा.